जीव लावणं आणि भाव लावणं

मराठीत ‘भाव’ हा मोठा बेरकी शब्द आहे. देवळात तो असतो आणि मंडईतही असतो. देवळात नसला तर देव पावत नाही आणि मंडईत दोनदा विचारला तर कोथिंबीरवाली पावत नाही. मायेला आणि किमतीला एकच शब्द ठेवायचा, ही आपल्या पूर्वजांनी जाणूनबुजून केलेली चतुराई असावी. कारण माणसाला जन्मभर जी कोडी पडतात, त्यांतली निम्मी या दोन भावांच्या भाऊबंदकीतून निघालेली असतात.

आपण शहाणी माणसं यावर एक तोड काढतो. जीव लावायचं काम एकाकडे देतो आणि भाव लावायचं दुसऱ्याकडे. आईच्या पाटल्यांवर जीव बायकोचा, भाव सोनाराचा. वाडवडिलांच्या घरावर जीव आजोबांचा, भाव बिल्डरचा. अशी वाटणी झाली की कुणाच्याच पोटात फारसं कालवत नाही. दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडली की मात्र खरी पंचाईत. आणि तो माणूस जर दहा-अकरा वर्षांचं पोर असेल, तर विचारूच नका.

ही पंचाईत पोरांना मुद्दाम, रीतसर, फॉर्म भरून घेऊन शिकवणारी एक चळवळ अमेरिकेत आहे. तिचं नाव ‘फोर-एच’. 1902 साली ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाखात्यातल्या गृहस्थांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींचा एक क्लब काढला. मका पेरा, भाजी लावा, माती तपासा, असा साधा कार्यक्रम. तसेच क्लब मग इतर राज्यांतही निघाले. त्यांत एक व्यवहारी डावही होता. कृषी महाविद्यालयांनी शोधलेलं नवं बियाणं, नवी पद्धत बापाला सांगायला गेलं, तर बाप म्हणायचा, “आमच्या आज्यापासून आम्ही असंच पेरतो.” मग बापाचा नाद सोडून पोराला धरायचं. पोराचा मका बापाच्या मक्यापेक्षा हातभर उंच झाला, की बाप संध्याकाळी कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच विचारायचा, “काय रे, खत कुठलं घातलंस?” 1914 साली कायदा होऊन या सगळ्या कामाला सरकारचा टेकू मिळाला. बोधचिन्ह ठरलं चार पानांचं हिरवं क्लोव्हर. चार पानं म्हणजे इंग्रजीतले चार ‘एच’: हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ. आपल्याकडे कुणी ‘चार ह’ काढायला बसलं असतं, तर हृदय, हात आणि हाडं इथवर जमलं असतं. डोक्यापाशी गाडी अडली असती. पण एकाच देठावर डोकं आणि हृदय शेजारी शेजारी ठेवल्यावर पुढे जे व्हायचं, ते त्यांच्याकडेही चुकलेलं नाही.

मागे एकदा ऑगस्टात लेकीकडे ओहायोत होतो, तेव्हा जावईबापू आम्हा उभयतांना काउंटीच्या जत्रेला घेऊन गेले. जत्रा म्हणजे आपल्यासारखीच. पाळणे होते, धूळ होती, तळणीचा वास होता, हरवलेलं पोर होतं आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने रडणारी त्याची आई होती. नव्हता तो फक्त देव. त्यांच्या जत्रांचं मूळ देवाकडे नेत नाहीत, मेंढ्यांकडे नेतात. 1807 साली मॅसेच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी एल्काना वॉटसन नावाच्या माणसाने चौकातल्या झाडाखाली दोन मेरिनो मेंढ्या आणून उभ्या केल्या, बघायला लोक लोटले, आणि त्याला पुढची कल्पना सुचली म्हणतात. आपल्याकडे आधी खंडोबा आणि मग त्याच्या पायाशी जनावरांचा बाजार. त्यांच्याकडे जनावरच थेट देव्हाऱ्यात.

आणि देव्हाऱ्यातल्यासारखीच पूजा चालली होती. गोठ्यात डुकरांना पंखे लावले होते. एक मुलगी आपल्या डुकरीणबाईंना शाम्पूने न्हाऊ घालत होती. पलीकडे एक मुलगा बैलाएवढ्या गोऱ्ह्याचे केस मशीनच्या वाऱ्यावर वाळवून, विंचरून, वर उभे करत होता. आमची ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आपल्या लग्नात मला नटवायला एवढा वेळ कुणाला नव्हता.” मी त्या दिवशीचं डुक्कर निरखून पाहत असल्याचा बहाणा केला.

मग रिंगण. डुकराला दोरी नसते. ते मोकळं सुटलेलं, आणि पोराच्या हातात एक छडी. त्या छडीने हलके टोचत त्याला परीक्षकासमोरून चालवत न्यायचं. एक डोळा डुकरावर ठेवायचा आणि दुसरा परीक्षकावर. मग परीक्षक हातात माइक घेऊन निकालाची कारणं सांगतो. पाठ रुंद आहे, चालण्यात डौल आहे, मागची बाजू भरदार आहे. मला क्षणभर आपल्याकडच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची आठवण झाली. “जरा चालून दाखव, बाळ.” फरक एवढाच, की पाठ चांगली म्हणजे पाठीवरचं मांस चांगलं, ही स्तुती सरळ स्वयंपाकघराकडे निघाली आहे, हे लक्षात आल्यावर आम्ही दोघं गप्प झालो.

एक स्पर्धा मात्र मला फारच आवडली. तिच्यात जनावराला गुणच नाहीत. गुण पोराला. त्याने जनावर कसं हाताळलं, किती जाणलं, चिडलं तर स्वतः चिडलं का, एवढंच बघायचं. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात अशी एक फेरी मुलाच्या वडिलांची ठेवली असती, तर महाराष्ट्रातली बरीच लग्नं सुखाची झाली असती.

प्रत्येक पोराजवळ एक वही असते. डुकराचं पिल्लू केवढ्याला घेतलं, रोज खाणं किती, औषधाला किती गेले, वजन किती वाढलं. वसंतात आणलेलं वीस-पंचवीस किलोंचं पिल्लू चार महिन्यांत शंभराच्या वर जातं. शेवटच्या पानावर नफा-तोटा. ही वही म्हणजे डोक्याचं पान. हृदयाचं पान शाईने लिहीत नाहीत. ते लिलावाच्या दिवशी वाचायला मिळतं.

लिलाव मोठा झोकात होतो. गावातली बँक, पेंडीचा दुकानदार, मोटारी विकणारे असे सगळे येऊन बसतात आणि बाजारभावापेक्षा कितीतरी चढा भाव देतात. पोरांच्या कॉलेजची सोय होते, दुकानदाराचं नाव होतं. आणि भाव बोलून झाला की जनावर एका दाराने जातं, पोर दुसऱ्या दाराने. बहुतेक जनावरं तिथून थेट कत्तलखान्याच्या गाडीत चढतात. ती शाम्पूवाली मुलगी बापाच्या शर्टात तोंड खुपसून हमसून रडत होती. आमच्या हिला राहवेना. “एवढं रडायचं होतं तर विकायला आणलं कशाला?” तिने मराठीत विचारलं. बापाला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण आवाज कळला असावा. जावईबापूंनी प्रश्न पोचवला. तो माणूस जरा थांबून म्हणाला, “रडली नसती, तर मला काळजी वाटली असती.”

ही पुढे बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या घरात ही घटना पंचांगात नोंदवण्यासारखी.

त्या बापाचं वाक्य मी बरेच दिवस चघळत होतो. पहिल्यांदा ते मला सोयीस्कर वाटलं. पोरगी रडली, ठीक. पण डुकराला त्यातून काय मिळालं? चार महिने ज्या हाताने खाजवलं, त्याच हाताने त्याला रिंगणात नेलं. याला विश्वासघात म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? अमेरिकेतच 1952 साली ई. बी. व्हाइट यांनी ‘शार्लट्‌स वेब’ नावाची पोरांची गोष्ट लिहिली. तिच्यात एक कोळीण डुकराच्या स्तुतीचे शब्द आपल्या जाळ्यात विणते, जत्रेत त्याचा सन्मान होतो आणि त्याचा जीव वाचतो. तिथली पोरं ही गोष्ट शाळेत वाचतात आणि उन्हाळ्यात जत्रेला डुक्कर घेऊन येतात. कोळीण काही येत नाही.

पण मग मला आमचा रविवार आठवला. सकाळी पिशवी घेऊन मी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा असतो. माझा नंबर आला की “नळी घाला हो एखादी” एवढं बोलतो आणि वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचत उभा राहतो. त्या बोकडाला नाव होतं का, ते कुणाच्या दारात वाढलं, त्याला कुठे खाजवलेलं आवडायचं, यातलं मला काही ठाऊक नसतं आणि ठाऊक नसावं अशीच माझी इच्छा असते. जीव कुणीतरी दुसऱ्याने लावलेला, घेतलेलाही दुसऱ्यानेच. माझ्याकडे फक्त भाव, आणि तोसुद्धा मी महाग म्हणून कुरकुरत देतो. त्या मुलीने निदान पाहिलं होतं. आपल्या ताटात येणारी गोष्ट कुणीतरी होती, हे तिला चार महिने रोज सकाळी कळत होतं. अनुभवी लोक पोरांना सांगतात म्हणे, की जनावराला नाव ठेवू नका, मग सोडवत नाही. पोरं हमखास ठेवतात. आपण नाव ठेवत नाही. दुसऱ्यांना नावं तेवढी ठेवतो.

तेव्हा तो बाप खरं बोलला असं मला वाटतं. रडणं म्हणजे शिकवण फसली असं नव्हे. ती शिकवणीची शेवटची परीक्षा, आणि पोरगी पास झाली. त्याने डुक्कर वाचत नाही, हे खरं. पण मारण्याला काही किंमत असते, हे ज्याला रडून कळलं, तो उगाच मारणार नाही आणि पानात टाकणार नाही, एवढी आशा धरायला हरकत नसावी.

घोळ होतो तो मोठ्यांमुळे. 1990 नंतरच्या दशकात तिथल्या मोठमोठ्या प्रदर्शनांत काही विजेत्या जनावरांच्या अंगात क्लेनब्युटेरॉल नावाचं दम्याच्या जातीचं औषध सापडलं. त्याने चरबी घटते आणि स्नायू फुगतात. आता बारा वर्षांचं पोर काही आपण होऊन दम्याचं औषध गोऱ्ह्याला घालत नाही. मागे कुणाचा तरी काका असतो. तेव्हापासून जनावरांच्या लघवीच्या तपासण्या कडक झाल्या. काकांची तपासणी करायची सोय अजून निघायची आहे.

आणि मग ते 2022 सालचं कॅलिफोर्नियातलं प्रकरण. शास्ता जिल्ह्याच्या जत्रेत नऊ वर्षांच्या एका मुलीने आपला बोकड आणला होता. त्याचं नाव सीडर, म्हणजे देवदार. लिलावात 902 डॉलरला गेला. त्यातले जत्रेच्या वाट्याला साधारण त्रेसष्ट. रात्र झाली आणि पोरगी बोकडाला सोडीना. आईने शेवटी बोकड परत नेला आणि पैसे भरून देते म्हणाली. ज्याच्या नावावर बोली होती, त्यानेही अडवलं नाही. पण जत्रेचे चालक म्हणाले, नियम म्हणजे नियम. तुम्हाला सूट दिली तर पोरं काय शिकतील? शेरीफचे शिपाई वॉरंट घेऊन सुमारे 500 मैल गाडी हाकत गेले आणि बोकड घेऊन आले. बोकड कापला गेला. 2024 साली कोर्टातला दावा तीन लाख डॉलर देऊन मिटवावा लागला. त्रेसष्ट डॉलर आणि एक धडा वाचवायला निघालेल्यांना भावाच्या हिशेबातसुद्धा हे जरा महागच पडलं.

नियमवाल्यांची बाजू मला समजते. दिला शब्द पाळावा, सगळ्यांना एकच न्याय असावा, हे मीही मुलांना सांगत आलो. पण शिकवायला म्हणून बोकड हातात दिला आणि शिकता शिकता मुलीला जे कळलं, ते आपल्याला हवं होतं त्यापेक्षा जास्त निघालं, तर मास्तरांनी पोलीस बोलवायचे का? चारांतलं एक पान हृदयाचं म्हणून आपणच छातीवर लावायचं, आणि ते पान हललं की वाऱ्यावर खटला भरायचा!

आमचे मामा माणदेशातले. खिल्लाराची एक जोडी त्यांनी पिकं गेली त्या वर्षी बाजारात नेली. आपल्या बाजारात लिलावासारखा ओरडा नसतो. हेडी आणि मालक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरतो. वर चेहरे दगडासारखे. रुमालाखाली एक भाव चाललेला असतो आणि चेहऱ्याखाली दुसरा. मामांनी पैसे मोजून घेतले, दोनदा मोजले, एक नोट फाटकी होती ती बदलून मागितली. मग बैलांच्या गळ्यातली दावी सोडून घेतली. हेड्याने नवी आणली होती. मामांनी आपली दावी घरी आणून ओसरीतल्या खुंटीला अडकवली, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मामीने पैसे डब्यात ठेवले. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

ओहायोच्या त्या जत्रेतही गोऱ्हे विकलेली पोरं रिकामा मोरखा खांद्यावर टाकून परतत होती. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या पोरांना माणदेश ठाऊक नव्हता. पण फाटकी नोट बदलून घेणं आणि दावी खुंटीला अडकवणं ही दोन्ही कामं एकाच माणसाने, एकाच दिवशी, कुणाला तोंड न चुकवता करायची असतात, हे दोघांनाही कळलं होतं. फोर-एचच्या वहीत खाण्याचा रकाना आहे, औषधाचा आहे, वजनाचा आहे, मिळालेल्या भावाचा आहे. शेवटी आणखी एक रकाना आखून कोरा ठेवावा, असं मला वाटतं. पोरांना तो कशासाठी हे सांगावं लागणार नाही. परीक्षकांनी त्याला गुण तेवढे देऊ नयेत. नाहीतर पुढल्या वर्षी कुणाचा तरी काका पोराच्या खिशात कांदा घालून पाठवायचा.