लपवले ते कुणासाठी?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचे जे अवाढव्य करमणुकीचे ठिकाण आहे, तिथे नोकराला नोकर म्हणत नाहीत. तो ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नाटकमंडळीतला एक. त्याच्या अंगावर असतो तो गणवेश नसून ‘कॉस्च्युम’. तिकीट काढून येतो तो गिऱ्हाईक नसून पाहुणा. पाहुण्यांच्या नजरेच्या टप्प्यातली जागा ‘ऑनस्टेज’, नजरेआडची ‘बॅकस्टेज’. झाडू मारणारा असो की आइस्क्रीम विकणारा, कामावर असेपर्यंत तो नाटकात असतो. आपल्याकडचे नाटकवाले ज्याला कपडेपट म्हणतात, तो या प्रचंड नाटकातही आहे, आणि तो सांभाळणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. ते काही महिन्यांसाठी येतात, तासावर मजुरी घेतात. कंपनीने दिलेल्या जागेत राहिले तर भाडे त्याच मजुरीतून कापले जाते. मुदत संपली की निघून जातात.

या विद्यार्थ्यांचा दिवस फारसा अद्भुत नसतो. रांगेतल्या माणसाला माप विचारायचे, कपडा काढून द्यायचा, परत आलेला मोजून घ्यायचा, मळका धुलाईच्या ढिगात टाकायचा. बटण तुटलेले असेल, चेन अडकत असेल तर तो कपडा दुरुस्तीला वेगळा काढायचा. बाहेर जो भविष्यकाळातला अंतराळयात्री किंवा शंभर वर्षांपूर्वीचा दुकानदार, तो इथे ‘मीडियम’ नाहीतर ‘लार्ज’ असतो. लहान मूल ज्याला धावत जाऊन मिठी मारते, ते प्राणी इथे फळीवर ओळीने ठेवलेले असतात आणि त्यांच्या आतून घामाचा नि जंतुनाशकाचा वास येत असतो. असे काम करणाऱ्या विसाव्या वर्षाच्या मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न कधीतरी पडतोच: आपण रोज जे लपवायला मदत करतो, ते लपवणे योग्य आहे का?

प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. लपवणे हा या जागेचा पायाच आहे. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले. तिथे वॉल्ट डिस्ने यांना म्हणे एक काउबॉय आपल्या कामावर जाताना भविष्यकाळाचा देखावा असलेल्या विभागातून चालत गेलेला दिसला आणि ते त्यांना खटकले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट कितपत खरी ते राहू दे, फ्लोरिडात त्यावर उपाय मात्र खराखुरा बांधला गेला. १९७१ साली उघडलेल्या मॅजिक किंगडमच्या खाली कामगारांसाठी बोगद्यांचे जाळे आहे. तिथे जमिनीखाली थोडे खणले तरी पाणी लागते, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, त्यांच्या आजूबाजूला मातीचा भराव घातला आणि बाग वर उभारली. पाहुणे ज्याला जमीन समजून चालतात, तो खरे तर दुसरा मजला आहे. मुखवटा घातलेल्या पात्राने पाहुण्यांसमोर डोके उतरवायचे नाही, एकाच ठिकाणी दोन मिकी दिसू द्यायचे नाहीत, हे नियमही त्याच जातीचे.

ही फसवणूक आहे का? मला तसे वाटत नाही, आणि त्यासाठी फ्लोरिडाला जायचीही गरज नाही. मराठीत आज ‘नेपथ्य’ म्हटले की रंगमंचावरची मांडणी डोळ्यांपुढे येते. संस्कृतात त्या शब्दाचा अर्थ वेशभूषा असा आहे, आणि जिथे वेश चढवला जातो ती पडद्यामागची खोली असाही आहे. वेश आणि आडोसा यांना एकच शब्द पुरला, कारण एकाशिवाय दुसरे संभवत नाही. नाट्यशास्त्राने तर वेश-भूषेला आहार्य म्हणून अभिनयाच्या चार प्रकारांत जागा दिली. समोर बसलेला माणूस राजा नाही, नट आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरी तो मुकुट पाहतो आणि थोडा वेळ मान्य करतो. लहान मुलांचेही असेच. खेळण्यातल्या कपातला चहा खोटा आहे हे तिला कळते, म्हणून ती तो खरोखर पीत नाही. पण कपात काहीच नाही असे कुणी सांगायला आले, तर तिला राग येतो. त्या रागात तिचे अज्ञान नसते. खेळ मोडल्याचे दुःख असते. दोन्ही बाजूंनी मान्य केलेले लपवणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

या लपवण्याला दुसरीही बाजू आहे. पडद्यामागची जागा काम करणाऱ्यालाही हवी असते. हसतमुख राहणे हेच ज्यांच्या कामाचा भाग असते, त्यांच्या कष्टाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात भावनिक श्रम असे नाव दिले. त्यांनी अभ्यास केला होता मुख्यतः विमानातल्या परिचारिकांचा, पण तो फ्लोरिडाच्या उन्हात फरचे डोके घालून उभ्या असलेल्या माणसालाही लागू पडतो. अशा माणसाला दार लावून घेता येईल अशी जागा लागते. तिथे डोके काढून पाणी प्यायचे, पाय पसरायचे, मघाच्या पाहुण्यावर चिडायचे, कुणाशीही गोड न बोलता पाच मिनिटे बसायचे. कपडेपटातल्या विद्यार्थ्याला मिळणारे सुख हेच, की त्याला हसावे लागत नाही. अशा ठिकाणी पडदा कामगाराचे रक्षण करतो.

आतापर्यंत लपवणे निर्दोष आहे. अडचण इथून सुरू होते, कारण त्याच पडद्याआड तिसरीही एक गोष्ट सहज सरकवता येते, आणि ती ना खेळासाठी असते ना कामगारासाठी.

२००१ सालची एक बातमी आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये मिकी, गूफी यांसारख्या पात्रांचे वेश घालणाऱ्यांना आतले कपडेही कंपनीचेच वापरावे लागत, कारण स्वतःचे कपडे जाड वेशाखाली गोळा होतात. संध्याकाळी हे कपडे परत करायचे आणि दुसऱ्या दिवशी धुऊन आलेल्यांतले हाती येतील ते घालायचे. म्हणजे काल दुसऱ्याच्या अंगावर होते ते आज आपल्या. ते नीट स्वच्छ होत नाहीत, उवा आणि खरूज होते, अशा तक्रारी झाल्या. अखेर टीमस्टर्स या कामगार संघटनेने कंपनीशी केलेल्या करारात एक कलम आले: प्रत्येकाला स्वतःचे अंतर्वस्त्र मिळेल आणि ते घरी नेऊन धुता येईल.

जगभर या बातमीवर लोक हसले. विषयच तसा होता. पण थोडे थांबून पाहिले, तर कपडेपटाचे सगळे नीतिशास्त्र तिच्यात आहे. वेशाला दोन बाजू असतात. बाहेरची पाहुण्यासाठी, आतली घालणाऱ्यासाठी. बाहेरच्या बाजूवर एक डाग दिसला तर ‘शो’ बिघडला असे मानणाऱ्या व्यवस्थेत आतल्या बाजूची तक्रार करारापर्यंत न्यावी लागली. आतले कपडे वाटून घालण्याने कोणत्याही मुलाचा खेळ राखला जात नव्हता. मिकीच्या आतल्या माणसाला स्वतःची चड्डी मिळाली असती तर मिकी तसूभरही कमी झाला नसता. इथे पडद्याने हिशेब झाकला होता, आणि झाकताना उसने नाव घेतले होते जादूचे.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथे २००८ पासून टपाल वाटण्याचे काम करणारा एक शीख कर्मचारी होता. पगडी आणि दाढी कंपनीच्या दिसण्याविषयीच्या नियमांत बसत नाही म्हणून त्याला पाहुण्यांच्या दृष्टीस पडणार नाही असाच मार्ग दिला जाई. इतर सहकारी आळीपाळीने सगळे मार्ग करत, हा मात्र कायम आत. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी पत्र लिहिल्यावर २०१५ मध्ये कंपनीने निर्णय बदलला आणि तो इतरांप्रमाणे सगळीकडे टपाल नेऊ लागला. ज्या जागेच्या संस्थापकाला स्वतःला मिशी होती, तिथे कर्मचाऱ्यांना मिशी ठेवायची मुभा २००० साली मिळाली आणि दाढीची २०१२ साली, हेही इथे आठवते. टपाल आणणाऱ्याच्या डोक्यावर पगडी दिसली म्हणून कुणाच्या परीकथेला तडा गेला असता? पडदा होता तोच, बोगदेही तेच. फक्त या वेळी त्यामागे काम लपवलेले नव्हते. माणूस लपवलेला होता.

म्हणून मला वाटते, ‘लपवणे योग्य की अयोग्य’ हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवे ते असे: हे लपवले कुणासाठी? खेळ टिकावा म्हणून लपवले असेल, तर पडदा उघडला की आनंद कमी होतो. काम करणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून लपवले असेल, तर पडदा उघडल्याने त्याची विश्रांती मोडते. पण पडदा उघडला आणि मालकाच्या खर्चापलीकडे काहीच बिघडले नाही, तर समजावे की तो तिथे असायला नको होता.

कपडेपटात काम करणारा विद्यार्थी या तिन्हींच्या मधोमध उभा असतो. वेशाच्या दोन्ही बाजू ज्याच्या हातांखालून जातात, असे लोक तिथे थोडेच. कुठला कपडा बाहेरून चकचकीत आहे आणि आतून विटला आहे, हे तो जाणतो. तरी तो सहसा बोलत नाही, आणि त्याचे कारण भित्रेपणा असेलच असे नाही. त्याला दिलेले नावच त्याला गप्प करते. तो कामगार आहे, पण तो ‘शिकायला’ आला आहे. चारच महिन्यांचा प्रश्न, अनुभव मिळतोय, पुढे अर्जात लिहिता येईल, असे तो स्वतःलाच समजावतो. आपल्याकडेही ‘शिकाऊ उमेदवार’ या शब्दांनी पुष्कळांना असेच गप्प बसवले आहे. जो लवकर जाणार असतो त्याची तक्रार सहसा त्याच्याबरोबरच निघून जाते आणि त्याच्या जागी नवा, तितकाच उत्सुक विद्यार्थी येतो. अंतर्वस्त्रांचे ते कलम संघटनेच्या वाटाघाटींतून आले, हे विसरू नये. वाटाघाटीला बसायला पुढच्या वर्षीही तिथे असणारी माणसे लागतात.

तो काही शिकत नाही असे मात्र नाही. आश्चर्य ही रोज धुऊन, वाळवून, मोजून ठेवायची वस्तू आहे, हे तो शिकतो. हे कळल्यावर काहींचे मन विटते. बहुतेकांचे विटत नाही. ज्याने स्वतः वेशाची उसवलेली शिवण घातली आहे, त्याला तो वेश गर्दीत चालताना दिसला की उलट जास्तच समाधान होते. गुपित कळूनही गोडी टिकते. टिकत नाही ती आपल्याला कुणी मोजत नाही हे कळल्यावर.

या मोजण्याच्या बाबतीत जुनी नाटकमंडळी अधिक सरळ होती. नाट्यशास्त्रात मंडळीतल्या लोकांची जी गणती आहे, तिच्यात नट आणि सूत्रधार यांच्यासोबत मुकुट करणारा, दागिने करणारा, माळा गुंफणारा, वेश करणारा आणि रजक, म्हणजे कपडे रंगवणारा, हेही आहेत. कथकलीत चेहऱ्यावर तांदळाच्या पिठाची चुट्टी चढवणाऱ्याला कलाकारच मानतात. मराठी नाटकाला गेलेल्या कुणालाही ठाऊक असते, की पडदा उघडण्यापूर्वी अंधारात नावे ऐकू येतात: नेपथ्य अमुक, वेशभूषा तमुक. हात पडद्याआडच राहतात, पण नाव आधी सांगितलेले असते. डिस्नेच्या बागेतही ही जाण अगदीच नाही असे नाही. तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या खिडक्यांवर बाग घडवणाऱ्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखी रंगवलेली आहेत. कर्मचाऱ्यांच्या छातीवर नावाची पट्टीही असते. पण खिडकीवर नाव येते ते मोठे योगदान मानल्या गेलेल्यांचे. चार महिने कपडे मोजून गेलेल्याला खिडकी कुठली?

आणि खिडकीपेक्षाही त्याला स्वच्छ आतले कपडे, वेळेवर सुट्टी आणि तक्रार ऐकणारा कुणीतरी यांची जास्त गरज आहे. आदराची सुरुवात इथून होते, नाव त्यानंतर.

उरतो तो प्रेक्षक, म्हणजे आपण. पडद्यामागे डोकावू नये, हे आपले कर्तव्य आहे असे मी मानतो. मुलाच्या देखत मिकीच्या चेनकडे बोट दाखवणारा बाप खरेपणाची सेवा करत नसतो. पण मजुरीची, घामाची, खरजेची बातमी आली की ‘जादू बिघडवू नका’ म्हणून पान उलटणारा प्रेक्षकही निष्पाप नाही. त्याने मान्य केले होते ते खेळापुरते. आतल्या माणसाचा हिशेब कुणी विचारू नये, असे त्याने कधीच मान्य केलेले नव्हते. खेळ चालू असताना वेशाकडे बाहेरूनच पाहावे. घरी परतल्यावर मात्र, तो आतून कसा होता, एवढे विचारायला हरकत नसावी.