गार्ड कुणी काढला?

लाईट गेली तेव्हा पावणेचार वाजले होते. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. लोट्याला पावसाळ्यात लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. मी वर्कशॉपच्या दारात फोनवर बोलत होतो. एका कंपनीला संध्याकाळपर्यंत पॅलेट पोचवायची होती आणि मी नेहमीसारखं "निघालीच गाडी" असं खोटं सांगत होतो. मागे मशीनचा आवाज खाली बसत बसत थांबला. टेबलापाशी माझा मामेभाऊ होता. पात्याशेजारच्या फटीत एक ढलपी अडकली होती. मशीन बंदच आहे, तर काढून टाकू, म्हणून त्यानं बोट घातलं.

लाईट आली.

उजव्या हाताची तर्जनी, वरचं पेर. चिपळूणला नेईपर्यंत परशुरामाचा घाट कधी उतरलो ते मला आठवत नाही. तुटलेलं पेर आम्ही पिशवीतल्या बर्फात टाकून नेलं होतं. तसं टाकायचं नसतं, हे तिथं कळलं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, ते कोरड्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ थेट लागला की मांस मरतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नीट आणलं असतंत तरी उपयोग नव्हता, पात्यानं हाडाचा भुगा केलाय. हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही, आणि हा लेख बहुतेक तिच्यामुळेच लिहितोय.

लोटे परशुराम एमआयडीसी म्हटलं की लोकांना केमिकल आठवतं. ते बरोबरच आहे. मार्च २०२१मध्ये इथल्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले, तेव्हा टीव्हीवाले आले होते. पण या मोठ्या कंपन्यांच्या कडेकडेनं आमच्यासारखी बारकी दुकानं जगतात. ड्रम ठेवायला पॅलेट, मशीन पाठवायला खोके, ऑफिसचं फर्निचर. आम्ही चौघं. मी, बाबा, मामा आणि मामाचा मुलगा. आमच्याकडे बोट गेलं तर त्याची बातमी फार तर नाक्यापर्यंत जाते.

आता ते टेबल. तुमच्या घरी कधी फर्निचरचं काम निघालं असेल तर तुम्ही ते पाहिलेलं आहे. फरशी कापायचा मार्बल कटर घ्यायचा, त्यावर लाकडाचं पातं चढवायचं, प्लायच्या तुकड्याला फट पाडायची आणि कटर खालून उलटा बसवायचा. झालं टेबल सॉ. खरा टेबल सॉ केवढ्याला आणि हा केवढ्याला! मी तो तीन वर्षांपूर्वी एक व्हिडिओ बघून केला. कटरला मुळात गार्ड असतो, पण उलटा बसवताना तो आड येतो, म्हणून काढला. बटण दाबून धरायला खाली हात पोचत नाही, म्हणून ते लॉक करून टाकलं. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बोर्डावरून. म्हणजे लाईट गेली तरी मशीनच्या लेखी ते चालूच असतं. वीज परत येण्याची वाट बघत बसलेलं.

या कटरचं पातं मोकळं फिरताना मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतं. पातं ११० मिलिमीटरचं धरलं तर दाताचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. माणसाला काही टोचल्यावर हात मागे घ्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पातं ४० वेळा फिरलेलं असतं. तीस दातांचं पातं असेल तर बाराशे दात बोटावरून गेलेले असतात. "लक्ष ठेवून काम कर" हे वाक्य मी या आकड्यांशेजारी ठेवून बघतो, तेव्हा ते मला उपदेशासारखं न वाटता थट्टेसारखं वाटतं. लक्ष हात पात्यापर्यंत पोचायच्या आधी उपयोगी पडतं. नंतर नाही.

मामेभाऊ शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला? "दादा, माझंच चुकला. बोर्ड बंद करायला पायजे होता." मामा म्हणाले, "कुणाचाच दोष नाय रे. लाईट आली, त्याला कोण काय करणार?" दोघांनी मला सोडून दिलं. आणि मला सुटल्यासारखं वाटेना.

कारण तीच कृती मी तीन वर्षं रोज करत होतो. गार्ड नसलेलं टेबल, लॉक केलेलं बटण, चालू ठेवलेला बोर्ड. त्या हजार दिवसांत कुणी मला वाईट माणूस म्हटलं नाही. उलट "पोरानं डोकं चालवलं, पैसे वाचवले" असं बाबांनी चार लोकांत सांगितलं. एका दुपारी लाईट दोन मिनिटं उशिरा आली असती, तर आजही मी डोकं चालवणारा पोरगाच असतो. मग माझा अपराध नक्की कधी घडला? जुलैमधल्या त्या दुपारी, की तीन वर्षांपूर्वी स्क्रू काढला तेव्हा?

तत्त्वज्ञानात या कोड्याला 'नैतिक नशीब' म्हणतात. १९७६मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी त्यावर निबंध वाचले आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. दोन ड्रायव्हर सारख्याच बेपर्वाईनं गाडी हाकतात. एकाच्या गाडीसमोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण खुनी म्हणतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. हातून झालं ते सारखंच, फरक रस्त्यानं केला. दोष द्यायचा तर तो जे आपल्या हातात होतं त्याचाच द्यायला हवा, हे पटतं. पण मग घरी जाऊन जेवणाऱ्यालाही तेवढाच दोष द्यायला हवा, आणि ते आपल्याच्यानं होत नाही.

मी या कोड्यात माझ्यापुरती एक बाजू घेतलीय. अपराध तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्या दुपारी फक्त तो दिसला. हे मान्य केलं तर एक गैरसोयीची गोष्ट मागोमाग येते: नाक्यापासून घाटापर्यंत ज्या ज्या दुकानात असं टेबल चालू आहे, तिथं अपराध घडून गेलेला आहे, फक्त रक्त आलेलं नाही. हे मी कुणाच्या दुकानात जाऊन बोललो तर मला चहाही मिळणार नाही.

मामांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी सहज उडवून लावू शकत नाही. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. वाकस, पटाशी, रंधा यांवर हात बसलेला, मग मशीनवर. दहाही बोटं शाबूत. ते म्हणतात, "भीती हाच गार्ड. वर झाकण लावलंस की माणूस बेफिकीर होतो." यात तथ्य आहे. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७५मध्ये मोटारींबद्दल असाच मुद्दा मांडला होता, की सुरक्षा वाढली की चालक जास्त जोरात हाकतो. शिवाय गार्ड खरोखर आड येतो. लाकडात खाच पाडायची असेल तर वरचं झाकण काढावंच लागतं. काढण्याबद्दल माझी तक्रार नाही. खाच पाडून झाल्यावर ते परत बसत नाही, कारण पुढची खाच उद्या आहेच.

पण मामांच्या दहा बोटांचा पुरावा मला आता पुरत नाही. ज्यांची बोटं गेली ते सुतारकी सोडून वॉचमन झाले, रिक्षा चालवायला लागले. शिकवायला उरतात ते न कापलेले. आणि भीती हा गार्ड असेल तर तो पहिल्या वर्षी सगळ्यात जाड असतो आणि रोज थोडा झिजतो. माझ्या मामेभावाला त्या टेबलाची भीती उरली नव्हती, कारण त्यानं ते हजार वेळा सुखरूप चालवलं होतं. त्याच्या कौशल्यानंच त्याचा गार्ड खाल्ला.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. १९४८च्या कारखाना कायद्याचं २१वं कलम सांगत होतं की यंत्राचा धोकादायक भाग झाकलेला हवा. भोपाळनंतर, १९८७मध्ये, त्यात मालकाच्या सर्वसाधारण कर्तव्याचं कलम आलं. पण वीज वापरणारा कारखाना म्हणून मोजायला त्या कायद्यात किमान १० कामगार लागत. २०२०च्या संहितेत हा आकडा २० झाला. आम्ही चौघं. धोका मात्र माणसं मोजत नाही. उलट जिथं चार माणसं असतात तिथं गार्ड, देखरेख आणि सुट्टी तिन्ही नसतात.

१९२३च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात एक तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. तर्जनीचं एक पेर ९. मामेभाऊ नात्यातला, त्यामुळे भरपाई हा शब्द घरात कुणी काढला नाही. मी काढला तर मामांना अपमान वाटला. पण ९ या आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. तो नमनात मृदंग वाजवतो. शिमग्यात आमच्या वाडीचा मृदंग त्याच्याकडे असतो. तर्जनीच्या टोकानं निघणारा बोल त्या ९मध्ये धरलाय का? अर्थात नाही. तक्ता कमाईचा आहे.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल, आणि कामगारानं सुरक्षेसाठी दिलेला गार्ड जाणूनबुजून काढला किंवा दुर्लक्षिला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. वाचताना हे न्याय्य वाटतं. पण आमच्या टेबलापाशी उभं राहून वाचा. गार्ड काढला मी. पॅलेट संध्याकाळपर्यंत हवीत असं म्हणाली कंपनी. हो म्हणालो मी. घाई केली त्यानं. आणि "माझंच चुकला" हेही तोच म्हणाला. गार्ड कुणी काढला याचं उत्तर एका स्क्रूड्रायव्हरपाशी थांबत नाही, पण बोट मात्र एकाचंच जातं, आणि बहुतेक वेळा ज्याचं जातं तोच कबुलीही देतो.

यावर तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही असं नाही. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या एका माणसानं, जो भौतिकशास्त्रात पीएचडी आणि पेशानं पेटंटचा वकील, १९९९मध्ये एक करवत बनवायला घेतली. पात्यात बारीकसा विद्युत संकेत सोडलेला असतो. ओलसर, वीजवाहक कातडी लागली की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनिअमचा ठोकळा उसळून पात्यात घुसतो. पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं. सॉसेज लावून दाखवलेले त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यानं स्वतःचं बोटही लावून दाखवलं होतं. मोठ्या कंपन्यांनी हे तंत्र घेतलं नाही. मग फरशी बसवणाऱ्या एका कामगाराचा हात दुसऱ्या कंपनीच्या करवतीत गेला आणि तो कोर्टात गेला. धोका टाळणारं यंत्र करता येत असताना तुम्ही ते केलं नाहीत, असा त्याचा दावा होता. २०१०मध्ये ज्युरीनं त्याला पंधरा लाख डॉलर दिले. म्हणजे तिथं प्रश्न 'तू हात का घातलास' यावरून 'हात जाणारच होता, तर तुम्ही काय केलंत' इथं सरकला.

मला हा सरकलेला प्रश्न आवडतो. अर्थात ती करवत आम्हाला परवडणारी नाही. आणि गंमत म्हणजे तिला फार ओलं लाकूडही बोटासारखंच वाटू शकतं, त्यासाठी ब्रेक तात्पुरता बंद करायची सोय दिलेली आहे. कोकणातल्या पावसात, ओल्या आंब्याच्या फळ्यांवर आम्ही ती सोय पहिल्याच आठवड्यात कायमची चालू केली असती. स्क्रूड्रायव्हरही लागला नसता.

मी जे केलं ते फार लहान आहे. नो-व्होल्ट स्विच बसवला. वीज गेली की तो सुटतो, आणि परत आली तरी हिरवं बटण स्वतः दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. चांगल्या प्लायच्या एका शीटपेक्षा कमी पैसे लागले. पात्यामागे, कापलेल्या फटीत राहणारी पातळ पट्टी बसवली, म्हणजे लाकूड पात्याला चिमटून उलटं अंगावर येत नाही. ईएलसीबी लावला. हातमोजे काढून टाकायला लावले. हे ऐकून सगळे चकित होतात, पण फिरत्या पात्यात हातमोजा अडकला की तो सगळा हात आत ओढतो. वर झाकण मात्र अजून नाही. उलट्या कटरवर ते नीट बसेना. खरं टेबल घ्यायचं ठरलंय, दिवाळीनंतर. हे "ठरलंय" तुम्ही किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

तो सप्टेंबरात परत आला. आठवडाभर रंध्याचं आणि पॉलिशचं काम केलं. मग एका सकाळी टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी लावू काय?"

नाही म्हणालो असतो तर त्याचं बोट मी दुसऱ्यांदा काढून घेतलं असतं. हो म्हणणं म्हणजे पुन्हा तेच टेबल. मी त्याला थांब म्हटलं आणि फणसाच्या तुकड्याची एक ढकलकाठी कापायला घेतली. नेहमीच्या काठीला तर्जनीचा जोर लागतो. ही मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरता यावी म्हणून तिची मूठ तीनदा तासावी लागली. तिसऱ्यांदा त्यानं ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "अजून जरा बारीक."