थोर पुरुषाचा सन्मान कशांत आहे?

तैवान बेटाच्या दक्षिणेस पिंगतुंग जिल्ह्यांत नेपू नांवाचें गांव आहे. तेथें समुद्रदेवी माझूच्या देवळाशेजारीं एका विद्वानाचें देऊळ आहे. चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतून येऊन शेती करूं लागलेल्या हक्का लोकांनीं तें एकोणिसाव्या शतकांत बांधिलें. त्या विद्वानाचें नांव हान यू (७६८–८२४). परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थी व त्यांचे आईबाप तेथें उदबत्त्या लावून यश मागतात.

हान यूचें चरित्र पाहिलें म्हणजे मनांत एक प्रश्न उभा राहतो. सन ८१९ मध्यें चीनच्या बादशहानें बुद्धाच्या बोटाचें म्हणून मानिलेलें एक हाड मोठ्या थाटानें राजवाड्यांत आणविलें. मृताच्या हाडास असा मान देणें अनुचित होय, असा अर्ज हान यूनें केला. बादशहा इतका संतापला कीं, त्याच्या प्राणावरच बेतलें. मंत्र्यांच्या रदबदलीनें तो वांचला व दूर चाओचौ येथें पाठविला गेला. तेथें तो वर्षभरही राहिला नाहीं; पण तेवढ्यांत त्यानें शाळेची व्यवस्था लाविली. पुढें युआनचौ येथें त्यानें कर्जापायीं दास झालेल्या सातशेंहून अधिक माणसांची सुटका केली. चाओचौच्या नदीस व डोंगरास आजही त्याचेंच नांव आहे.

ज्यानें हाडाच्या पूजेविरुद्ध जीव धोक्यांत घातला, त्याच्याच नांवानें आज धूप जळतो! हें पाहून हंसणें सोपें आहे. पण आम्ही हंसणार नाहीं. ज्या शेतकऱ्यांनीं सेनापतीचें नव्हे, धनिकाचें नव्हे, तर एका विद्वानाचें स्मरण केलें, त्यांची कृतज्ञता खरी आहे. प्रश्न एवढाच कीं, कृतज्ञतेनें कोणतें रूप घ्यावें?

सत्पुरुषापाशीं मागत राहिलें तर आपण घेणारेच राहतों. त्याचें काम पुढें चालविलें तर देणारे होतों. हान यू स्वतः वरिष्ठ परीक्षेंत तीनदां नापास होऊन चौथ्या खेपेस, सन ७९२ मध्यें, उत्तीर्ण झाला. हिरमुसलेल्या मुलास जवळ बसवून ही गोष्ट सांगणें, हा उदबत्तीहून मोठा सन्मान होय, असें आम्हांस वाटतें.

वाचकहो, आपल्याही गांवीं कोणा जुन्या मास्तरांची तसबीर भिंतीवर असेल. वर्षांतून एकदां आपण तिला हार घालितों. पण ज्या मुलांस ते हातीं धरून शाळेंत आणीत, तशीं मुलें आज बांधावर गुरें राखीत असतील, तर तो हार कोणासाठीं?