अनुमोदनाचा दोष



तीर्थक्षेत्री आलेला मनुष्य आपल्या हातून घडलेल्या दोषांची देवापुढे क्षमा मागतो. परंतु जे अनुचित कर्म आपण केले नाही, मात्र दुसऱ्याने केले तर बरे, असे मनोमन वाटले, त्याचा विचार सहसा होत नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि अनुमोदिलेले. तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे, कारण त्यात हात स्वच्छ राहतात आणि साक्षीदारही नसतो.

महाभारतातील द्यूतसभा पाहावी. द्रौपदी पणाला लागताच भीष्म, द्रोण व कृपाचार्य यांना घाम फुटला. धृतराष्ट्र मात्र पण जिंकला की नाही, हे आनंदाने पुनःपुन्हा विचारीत राहिला. त्याला आपला हर्ष लपविता आला नाही. अन्याय थांबविला कोणीच नाही. तथापि भीष्मांच्या मौनात व्यथा होती, तर धृतराष्ट्राच्या मनात लाभाची आशा होती. भीष्मांचाही दोष आहेच. पण फासे न टाकता द्यूतात सामील झाला तो धृतराष्ट्र.

हा प्रश्न केवळ पुराणकाळाचा नाही. आमच्या परिसरातील तारापूर औद्योगिक वसाहतीने सहस्रावधी कुटुंबांस अन्न दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्याच वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली; खाडी व समुद्र बिघडल्याने मच्छीमारांची उपजीविका धोक्यात आली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वाधिक, म्हणजे ९३.६९ होता.

कोठेही रात्रीच्या वेळी एखादा टँकर नाल्यात रिकामा केला जातो, तेव्हा दोष एकट्या चालकाचा असतो काय? “कसे करता ते मला सांगू नका, खर्च तेवढा कमी ठेवा,” असे म्हणणाऱ्याचे काय? हिशेबात अचानक दिसलेली बचत पाहून समाधान पावणाऱ्या आणि म्हणूनच काही न विचारणाऱ्या भागीदाराचे काय? नोकरी जाईल या भयाने गप्प बसणाऱ्या कामगारास या पंक्तीत बसविणे न्यायाचे नाही. त्याचे मौन लाचारीचे आहे, संमतीचे नव्हे.

संमती ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ते दुष्कृत्य फसले असते, तर आपणांस हायसे वाटले असते की हळहळ? हळहळ वाटली असती, तर आपण त्यात सहभागी होतो.

येथे देणगीदार बंधु-भगिनींस एक नम्र निवेदन. दान हे पुण्यकर्म आहे. परंतु देणगीच्या पावतीने असे अनुमोदन रद्द होत नाही. ते रद्द करण्याचा मार्ग एकच : ज्याला आपल्या मौनातून होकार मिळाला, त्याला स्पष्ट शब्दांत नकार कळविणे आणि त्या कृत्यातून आलेला लाभ, ज्याची हानी झाली त्याच्याकडे शक्य तितका परत पोहोचविणे. त्यानंतर देवापुढे ठेवलेले फूलही पुरेसे आहे.