पलीकडचा माणूस

संगीतात सभ्यतेची थोडी उणीवच आहे, असं इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९० सालच्या आपल्या सौंदर्यमीमांसेवरच्या ग्रंथात म्हटलं आहे. चित्र नको असेल तर नजर वळवता येते. सूर मात्र न विचारता शेजारच्या घरात शिरतात, अत्तराचा रुमाल भर बैठकीत झटकावा तसे. गृहस्थ आवाजाला इतका हळवा, की शेजारच्या कोंबड्यापायी त्यानं बिऱ्हाड बदललं होतं. आणि तो बोलत होता संगीताबद्दल. रियाज म्हणजे काही संगीत नव्हे. तेच चार स्वर, त्याच जागी तीच चूक, चाळीस वेळा!

कांट आठवला तो मडगावच्या पुतणीमुळे. तिची मुलगी पियानो शिकते. गोव्यात त्याचं नवल नाही. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीत शिकवलं गेलं आहे. नवल आहे ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पियानो आणण्याचं. "काका, खरा घेऊ की इलेक्ट्रिक?" तिनं फोनवर विचारलं. मी बेळगावात जन्मभर पेटी वाजवलेला माणूस. तिनं वाद्याचा म्हणून विचारलेला प्रश्न मला शेजारधर्माचा वाटला.

व्यवहार पाहिला तर निकाल झटकन लागतो. खरा उभा पियानो सहज दोनशे किलोंचा, सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्या वरचेवर सुरात लावून घ्यायच्या, त्यात पावसाळ्याच्या दमटपणानं लाकूड फुगणार. इलेक्ट्रिक पियानो भिंतीला टेकवा, हेडफोन घाला, रात्री बारालाही वाजवा. कांटची तक्रार मिटली. (अगदीच मिटत नाही म्हणा. सूर खाली जात नाहीत, पण पट्ट्या आपटल्याची टकटक फरशीतून बरोबर पोचते. गाणं वजा जाता उरलेला मार तेवढा शेजाऱ्याच्या वाट्याला!)

नादाचा मुद्दाही आता तितकासा टिकत नाही. खऱ्या पियानोवर एखादी पट्टी आवाज न करता दाबून धरा आणि खालच्या सप्तकातला तोच स्वर ठणकावून सोडा. वरची तार आपोआप बोलू लागते, सतारीच्या तरफांसारखी. ही गंमतही काही यंत्रं आता गणितानं साधतात.

मला अडतं ते दुसरीकडेच. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं हे वाद्य घडवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डवर बोट जोरात पडो की हलकं, आवाज जवळपास तेवढाच. नव्या वाद्यातल्या हातोडीला बोटाचा जोर कळू लागला, आणि नावच पडलं 'पियानोफोर्ते', म्हणजे हळू आणि मोठ्यानं. हळू वाजवणं हा या वाद्याचा अर्धा धर्म, आणि तो बोटानंच शिकायचा. इलेक्ट्रिक पियानोच्या पट्ट्यांनाही बोटाचा जोर कळतो. पण बाजूला एक बटण असतं. ते खाली फिरवलं की मूल हवं तसं आपटायला मोकळं. पलीकडे कुणी आहे म्हणून हात आवरणं वेगळं, आणि तो पलीकडचा माणूसच बटणानं पुसून टाकणं वेगळं. त्रास दोन्हींत वाचतो. म्हणून दोन्ही सारखंच, असं मी मानणार नाही.

पण खालच्या घरात रात्रपाळी करून आलेली परिचारिका झोपलेली असेल, तर आमच्या मुलीच्या शिक्षणाची किंमत तिनं आपल्या झोपेनं का मोजावी? जुन्या वाड्यात सगळे सगळ्यांचं ऐकून घेत, असं आपण कौतुकानं सांगतो. त्यांना दुसरा इलाज नव्हता, हे सांगत नाही.

"आधी खाली जाऊन विचार," मी पुतणीला म्हटलं. "त्या नको म्हणाल्या तर मनात काही ठेवू नकोस."

"अहो काका, हेडफोन असताना विचारायचं कशाला?"

"तेच तर," म्हटलं.

गेली ती. इलेक्ट्रिकच घेतला आहे. संध्याकाळी पाच ते सहा हेडफोनशिवाय वाजवायचं, खालच्या बाईंनी रविवार तेवढा वगळून घेतला. त्या तासात बटणाला हात लावायचा नाही, ही अट माझी.