गांडीव कोणाचे?

गेल्या आषाढीची वारी आटोपल्यावर आमच्या ओळखीचे एक वारकरी आपल्या चिरंजिवांना घेऊन आमच्याकडे आले. गृहस्थ जुने माळकरी. चिरंजीव इंग्लंडात नोकरीस असतात, रजेवर आले होते. रामकृष्णहरी झाले, पाणी झाले, आणि वडिलांनी तक्रार मांडली. म्हणाले, "महाराज, याला दोन शब्द सांगा. गळ्यात तुळशीची माळ, आणि तिकडे घरात धनुष्ये जमवली आहेत. एक नव्हे, दोन नव्हे, नऊ! माळकऱ्याच्या घरात शस्त्र शोभते का?"

मुलगा मान खाली घालून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "महाराज, मी मुंगीसुद्धा मारीत नाही. गवताच्या निशाणावर बाण सोडतो. पण बाबांचे बोलणे मनाला लागते. हे पाप आहे का, तेवढे आपण सांगा."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. ज्या वस्तूविषयी निवाडा द्यायचा ती वस्तू आधी नीट जाणून घ्यावी, ही आमच्या पाठशाळेतली शिस्त. म्हणून म्हटले, "बाळ, तुझे धनुष्य कसे असते ते सांग." तेव्हा त्या मुलाचा चेहरा असा उजळला की, काय सांगावे! आवडीचा अभंग निघाल्यावर टाळकऱ्याचा चेहरा उजळतो ना, तसा.

त्याने जे सांगितले ते वाचकांनाही सांगतो. इंग्लंडातले जुने धनुष्य माणसाहून उंच असते. ते यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या एकाच लाकडाचे करतात. त्या लाकडाचे नवल असे की, सालीजवळचा पांढरट थर ताण सोसतो आणि गाभ्याचा तांबूस भाग दाब सोसतो. कारागीर पांढरा भाग निशाणाकडे आणि तांबडा भाग तिरंदाजाकडे येईल असे लाकूड धरतो, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत थोडे थोडे तासत राहतो. एका बाजूला जास्त तासले गेले की सगळी मेहनत फुकट. टोकांना शिंगाच्या खोबणी बसवतात, बाणाला हंसाच्या जातीच्या पक्ष्याची पिसे लावतात. अमरकोशात धनुष्याच्या टोकाला 'अटनी' आणि मधल्या मुठीला 'लस्तक' म्हटले आहे, हे आम्ही लहानपणी घोकलेले. ते शब्द त्याला सांगितले तेव्हा तो फार खूश झाला.

या धनुष्याचा पूर्वेतिहास मात्र रक्ताचा आहे. १३४६ साली क्रेसीला आणि १४१५ साली आजिनकूरला इंग्रजांनी फ्रेंचांच्या घोडेस्वारांना याच धनुष्याने लोळवले. १३६३ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने सणावारी प्रजेने धनुर्विद्येचाच सराव करावा, असा हुकूम काढला. लाकूड पुरेना, म्हणून १४७२ साली कायदा झाला की, परदेशातून माल घेऊन येणाऱ्या जहाजांनी मालाच्या मानाने धनुष्याची लाकडेही आणलीच पाहिजेत. १५४५ साली 'मेरी रोझ' नावाची लढाऊ नौका बुडाली. १९८२ साली तिचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्या नौकेवरची शंभराहून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर बाण हाती लागले. ज्या १५४५ साली ती नौका बुडाली त्याच साली रॉजर ॲस्कम या विद्वानाने धनुर्विद्येवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पुढे बंदुका आल्या, धनुष्य युद्धातून गेले आणि छंद म्हणून उरले. १९५१ साली या लांब धनुष्याच्या परंपरेसाठी तिकडे स्वतंत्र मंडळही स्थापन झाले.

आता पहिली शंका. माळकऱ्याने धनुष्य हाती धरावे का? याचे उत्तर सोपे आहे. आपला पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे, त्याच्या हाती धनुष्यबाण नाही हे खरे. पण कोदंडधारी राम तर आपल्या मंत्राच्या आरंभीच बसला आहे. काठीने म्हातारा चालतो आणि काठीनेच कोणी डोके फोडतो. दोष काठीला नाही. तिकडे तर धनुष्याने वन्य प्राण्यांची शिकार करण्यास कायद्याचीच मनाई आहे. गवतावर बाण सोडण्यात हिंसा नाही. आम्ही वडिलांना म्हटले, "बुवा, तुमच्या मुलाच्या माळेला धनुष्याने डाग लागत नाही. निश्चिंत असा."

मुलगा सुटकेचा श्वास टाकणार, इतक्यात आम्ही विचारले, "नऊपैकी ओढतोस किती?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "एकच. पहिले घेतलेले. बाकीची भिंतीवर आहेत. दोन माझ्या शक्तीपलीकडची जड आहेत. एक फार जुने आहे, मोडेल या भीतीने हात लावत नाही. बाकीची, महाराज, फार सुंदर दिसली म्हणून घेतली."

मंडळी, खरी शंका इथे सुरू होते. वडिलांना शस्त्राची भीती वाटत होती. भिण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. त्याचा दृष्टान्त महाभारतात आहे.

अर्जुनाचे गांडीव मुळात अर्जुनाचे नव्हे. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीने वरुणाकडून ते मागून आणले आणि अर्जुनाला दिले. कामासाठी दिलेली वस्तू ती. पण हळूहळू काय झाले? 'गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा मी शिरच्छेद करीन,' अशी प्रतिज्ञा अर्जुनाने मनात धरली. कर्णपर्वात धर्मराज घायाळ होऊन शिबिरात पडले असताना संतापाने तेच म्हणून गेले. आणि अर्जुनाने तरवार उपसली! कोणावर? ज्याच्या राज्यासाठी लढाई चालली होती त्या थोरल्या भावावर. श्रीकृष्णांनी हात धरला म्हणून अनर्थ टळला. थोरल्याला 'तू' म्हणणे हाच त्याचा वध, अशी तोड देवांनी काढली. पाहा, धनुष्य शत्रूसाठी दिले होते, त्याच्या अभिमानाने तरवार भावावर उठली.

पुढे देव निजधामास गेले. द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघाला, वाटेत काठ्या घेतलेल्या आभीरांनी गाठले. तेव्हा त्याच गांडीवाला दोरी चढवता चढवता तो मेटाकुटीला आला. अस्त्रे आठवेनात, अक्षय म्हणवलेले बाण सरले. इतके झाल्यावर तरी हात सुटावा! पण महाप्रस्थानाला निघताना राज्य सोडले, वस्त्रे सोडून वल्कले नेसली, आणि गांडीव मात्र खांद्यावर तसेच. व्यासांनी तिथे कारणही स्पष्ट दिले आहे: लोभ. अखेर अग्नी वाटेत आडवा उभा राहिला आणि म्हणाला, वरुणाचे वरुणाला परत कर. तेव्हा अर्जुनाने धनुष्य आणि भाते पाण्यात टाकले.

येथे कोणी म्हणेल, मग धनुष्य आधीच टाकून द्यावे हे बरे नाही का? नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायातही अर्जुनाने धनुष्य टाकले होते. ते टाकणे देवांना मान्य झाले नाही. का? कारण ते मोहाने टाकले होते, काम शिल्लक असताना टाकले होते. एकच धनुष्य, एकच माणूस; पहिल्यांदा टाकले तो मोह, अखेरीस टाकले तो त्याग. काम आहे तोवर धरावे, आणि ज्याचे त्याने मागितले की हात मोकळा करावा. वडील म्हणत होते टाक, मुलगा म्हणत होता धरतो. दोघांनाही हाच अर्जुन उत्तर देतो.

हे सगळे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, आणि सांगता सांगता आमचीच जीभ अडखळली. कारण मुलाची नजर आमच्या भिंतीकडे गेली होती. तिथे एक वीणा टांगलेली आहे. आमच्या गुरुमहाराजांची. तिचा भोपळा फुटका आहे. त्याने विचारले, "ही मोडली कशी?"

वाचकहो, खोटे सांगता आले असते. पण त्या घटकेला सांगवेना. बारा वर्षांपूर्वी गावच्या सप्ताहाला वीणा नव्हती. एक तरुण वीणेकरी ही वीणा मागायला आला. आम्ही म्हटले, "गुरूंची आठवण आहे, ती दारोदार फिरवायची नाही." तो नमस्कार करून गेला. आम्ही वीणेला रेशमी खोळ शिवली, फुले वाहिली, आणि वाजवली मात्र कधी नाही. एके वर्षी खोळ काढली तो भोपळ्याला कीड लागून भोक पडले होते, हात लावताच चीर गेली. अहो, सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. ती कोणाचीच नसते म्हणून वाजत राहते. ज्या गुरूंनी आमच्या गळ्यात ती घातली त्यांची वीणा आम्ही गुरुभक्तीच्या नावाखाली मारली. दुसऱ्याच्या नऊ धनुष्यांचा न्याय करायला बसलेला हा माणूस असा!

मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने आपणहून दोन गोष्टी सांगितल्या, त्या आम्ही पदरात बांधून ठेवल्या आहेत. पहिली अशी की, बाण सोडून झाले की धनुष्याची दोरी उतरवून ठेवावी लागते. सदा चढवलेली राहिली तर लाकूड वाकलेले ते वाकलेलेच राहते आणि जोर जातो. संस्कृतात दोरीला 'गुण' म्हणतात. गुण चढवला की सगुण, उतरवला की निर्गुण, लाकूड तेच. आपल्या संतांनी सगुण-निर्गुण एकच म्हणून सांगितले, त्याला याहून घरगुती दाखला कोणता हवा?

दुसरी गोष्ट अशी की, बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. बाणाबरोबर जायचा तो जोर मग धनुष्यातच उलटतो आणि धनुष्य मोडते. आम्ही चाळीस वर्षे कीर्तनाला उभे राहतो. किती वेळा दोरी ताणली आणि बाण लावलाच नव्हता, ते आमचे आम्हाला ठाऊक.

मुंडकोपनिषदात ॐकाराला धनुष्य, जीवाला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे. म्हणजे ऋषींनाही धनुष्याची आवड होतीच! पण त्या रूपकात बाण लक्ष्यात जाऊन मिळतो, हातात राहत नाही. मुलगाही म्हणाला, ओढायला महिन्या-दोन महिन्यांत येते. बोटे सहज सोडती व्हायला वर्षे लागतात. अगदी ऐन क्षणी ती घट्ट धरतात आणि बाण वाकडा जातो. त्या विद्येचे सगळे मर्म सोडण्यात आहे, आणि ती शिकणाऱ्याने भिंतीवर आठ धनुष्ये धरून ठेवली आहेत, हे त्याचे त्यालाच हसू आले.

निघताना त्याने विचारले, "मग बाकीची आठ विकून टाकू?" आम्ही म्हटले, "त्याची घाई नको. ज्याला ओढता येईल आणि ज्याच्याजवळ नाही असा कोणी भेटला की त्याच्या हाती दे, आणि देताना त्याला नमस्कार कर. पहिले तुझ्याजवळ ठेव. पण ते वरुणाचे आहे एवढे रोज आठव."

आम्हीही एक केले. वीणा कारागिराकडे धाडली आहे, नवा भोपळा बसतो म्हणतात. तो तरुण वीणेकरी आता चाळिशीचा झाला असेल. वीणा दुरुस्त होऊन आली की ती घेऊन आम्हीच त्याच्या दारी जाणार आहोत. तो घेईल की नाही, हे पांडुरंग जाणे.

रामकृष्णहरी.