दहा लाखांतला एक

एप्रिल २०२४च्या अखेरीस ब्रिटनमधल्या एका दाव्याच्या कागदपत्रांतली एक ओळ आपल्याकडे दोन-तीन दिवस भलतीच गाजली. आपल्या कोविडविरोधी लशीमुळे अत्यंत विरळा प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटण्याचा विकार होऊ शकतो, असे अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने मान्य केले होते. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशिल्ड या नावाने बनवली आणि भारतात सर्वांत जास्त तीच टोचली गेली, तेव्हा लोक धास्तावले यात नवल नव्हते. पण माहिती शिळी होती. युरोपीय औषध नियामकाने ती ७ एप्रिल २०२१ रोजीच जाहीर केली होती. त्याच वर्षी १७ मे रोजी आपल्या आरोग्य मंत्रालयानेही लशीनंतरच्या गंभीर घटना तपासणाऱ्या समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता: तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ घटना गुठळ्यांच्या असू शकतात, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. तरीही तीन वर्षांनी घरोघरी विचारले गेले ते एवढेच, की लस सुरक्षित होती की नव्हती? या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. लशीचा धोका नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजावा लागतो, आणि ती तुलना कशाशी करायची हे शिकायला माणसाला तीनशे वर्षे लागली. या हिशेबाच्या वहीत एकेक रकाना वाढत गेला, आणि त्यातला शेवटचा आपण अजून भरलेला नाही.

पहिला रकाना १७२१ साली बोस्टन शहरात आखला गेला. त्या वर्षी तिथे देवीची साथ आली, सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले आणि ८४४ दगावले. झॅबडिएल बॉयल्स्टन या वैद्याने देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचण्याची रीत त्याच साथीत वापरली. बंगालमध्ये टीकादार हेच करत असत. बॉयल्स्टनने सुमारे अडीचशे जणांना टोचले, त्यातले सहा गेले. चांगल्या माणसाला मुद्दाम रोग द्यायचा आणि त्यातून तो मरायचा, हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हतेच. सहा मृत्यू हा आकडा एकटा ठेवला तर तो गुन्हाच ठरतो. तो १४ टक्के विरुद्ध अडीच टक्के असा मांडला की त्याचा अर्थ पालटतो. लंडनमध्ये रॉयल सोसायटीचा चिटणीस जेम्स ज्युरिन याने पत्रे पाठवून ठिकठिकाणचे असेच आकडे जमवले. नैसर्गिक देवीत पाच-सहांतला एक मरतो, टोचलेल्यांत साधारण पन्नासांतला एक, असे त्याने दाखवले. न टोचणे म्हणजे धोका शून्य, हा समज इथे पहिल्यांदा आकड्यांनी खोडला गेला.

पण ज्युरिनच्या हिशेबात काळ नव्हता. टोचण्याचा धोका आज, या आठवड्यात. देवी येईल ती कधीतरी, कदाचित येणारही नाही. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हे कोडे मांडले आणि सर्वांना टोचले तर सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढेल असे गणिताने काढून दाखवले. त्यावर दालांबेर या दुसऱ्या गणितज्ञाने घेतलेला आक्षेप आजही जुना झालेला नाही. त्याचे म्हणणे असे, की तीन वर्षांचा लाभ राज्याला दिसतो, कारण राज्य सरासरी पाहते. तिशीतल्या माणसाने मात्र या महिन्यात मरण्याची शक्यता पत्करायची, ती म्हातारपणाच्या टोकाला मिळणाऱ्या थोड्या वर्षांसाठी. हे दोन्ही एकाच मापाने मोजायचे कसे? दालांबेर टोचण्याच्या विरोधात नव्हता. एकाची सरासरी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, एवढेच तो सांगत होता. म्हणजे पुढचा रकाना ठरला: लाभ कोणाचा आणि धोका कोणाचा.

१७९६ मध्ये जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गोस्तनदेवीची लस आणली आणि धोका एकदम खूप खाली आला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, ते भारतातले पहिले लसीकरण. मात्र शंभर वर्षांनी याच मुंबईत बनलेल्या लशीने एक नवा प्रश्न उभा केला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस परळच्या प्रयोगशाळेतून देशभर जात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात ती १०७ जणांना दिली गेली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळून पुन्हा वापरला गेला होता. चौकशीने आधी दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा मांडला, आणि १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. लशीचा दुष्परिणाम आणि लस देण्यातली चूक यांचा मुळाशी संबंध नसतो, हे मुल्कोवालने शिकवले. चुकीवर उपाय स्वच्छता आणि देखरेख. दुष्परिणामावर उपाय वेगळाच शोधावा लागतो. दोन्ही एका ओळीत लिहिले की हिशेब चुकतो आणि माणसाचे आयुष्यही नासते.

योगायोगाला कारण समजण्याची गफलत आणखी अवघड आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसे लस आणि आजार यांचे अनेकदा होते. बाळाला दोन-चार महिन्यांत लशी टोचल्या जातात, आणि फिट्सचे काही जन्मजात विकारही त्याच महिन्यांत पहिल्यांदा दिसतात. डांग्या खोकल्याच्या जुन्या लशीने मेंदूला इजा होते असे १९७०च्या दशकात मानले जाऊ लागले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी अशा १४ रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा त्यातल्या ११ जणांत फिट्सच्या एका गंभीर विकाराचा जनुकीय बदल आढळला. दरम्यान जपानने मोठी किंमत मोजली होती. १९७४-७५च्या हिवाळ्यात लशीनंतर दोन बाळे दगावली आणि लसीकरण थांबले; ऐंशी टक्क्यांवरचे प्रमाण दहावर आले. १९७४ मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये तेरा हजारांवर रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू. मात्र ही गोष्ट इथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या लशीने ताप आणि तापातल्या झटक्यांचा त्रास खरोखरच होत असे, आणि पालकांच्या त्या भीतीच्या रेट्यातूनच जपानने जीवाणूचे मोजके अंश वापरणारी सौम्य लस बनवली. ती १९८१ पासून वापरात आली. भीतीने कारण चुकीचे धरले होते, तरी तक्रार पोकळ नव्हती.

हिशेबात ठिकाण किती महत्त्वाचे असते, हे रोटाव्हायरसच्या लशीने दाखवले. रोटाशील्ड ही लस अमेरिकेत १९९८ मध्ये आली. वर्षभरातच काही बाळांच्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात, दुर्बिणीची नळी आत सरकावी तसा, सरकून अडकल्याचे दिसले. हे प्रमाण साधारण दहा हजारांत एक होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये लस मागे घेतली गेली, आणि अमेरिकेपुरता तो निर्णय योग्यच होता. तिथे रोटाव्हायरसच्या जुलाबाने वर्षाला काही डझन मुले मरत होती. भारतात मात्र त्याच काळात दरवर्षी सुमारे एक लाख मुले मरत होती. दहा हजारांत एक हा धोका अमेरिकेत जड होता, इथे तो लाभापुढे हलका ठरला असता. पण अमेरिकेने नाकारलेली लस आपल्या मुलांना कोण देणार? नव्या दोन लशी प्रत्येकी साठ-सत्तर हजार बाळांवर तपासून २००६च्या सुमारास आल्या, आणि भारताच्या सार्वत्रिक कार्यक्रमात रोटाव्हॅक ही आणखी एक लस २०१६ मध्ये दाखल झाली. मधल्या वर्षांत जी मुले गेली त्यांची नोंद कोणत्याही दुष्परिणामाच्या यादीत नाही. न दिलेल्या लशीचे बळी निनावीच राहतात.

ठिकाणासारखाच काळही माप बदलतो. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या डोसामुळे साधारण पंचवीस-तीस लाख डोसांमागे एखाद्या मुलाला प्रत्यक्ष लकवा होतो. पोलिओने हजारो मुले पांगळी होत असताना ही जोखीम न घेणेच वेडेपणाचे होते. अमेरिकेत मात्र रोग संपला, मग वर्षाकाठी जे आठ-दहा रुग्ण उरले ते लशीमुळेच होते. म्हणून २००० साली त्यांनी टोचायच्या लशीचा मार्ग धरला. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतर २०१५ मध्ये टोचायची लस आली आणि एप्रिल २०१६ मध्ये डोसातला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला गेला. काल बरोबर असलेला निर्णय आज बदलला म्हणून काल तो चुकीचा ठरत नाही.

२०२१ मध्ये हे सगळे रकाने एकाच तक्त्यात आले. केंब्रिज विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांनी ब्रिटनसाठी आकडे मांडले. साथीचा जोर कमी असताना साठीतल्या एक लाख लोकांमागे लस सोळा आठवड्यांत १४ जणांना अतिदक्षता विभागापासून वाचवते आणि गुठळ्यांचा गंभीर त्रास ०.२ जणांना देते. विशीतल्यांत हेच आकडे ०.८ आणि १.१ होते, म्हणजे पारडे उलटे. साथीचा जोर वाढला की विशीतही वाचणारे ६.९ होत. ब्रिटनने आधी तिशीच्या आतल्यांना आणि ७ मे रोजी चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस देऊ केली, कारण त्यांच्याकडे दुसरी लस होती. डेन्मार्कने ही लस पूर्ण सोडली. त्याच आठवड्यांत भारतात माणसे ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगेत उभी होती, आणि इथे हीच लस देणे चालू राहिले. तीन देशांनी तीन निर्णय घेतले आणि तिन्ही आपापल्या जागी समर्थनीय होते. अडीच शतकांनी दालांबेरच्या आक्षेपाला हे उत्तर मिळाले: सरासरी नको असेल तर वयागणिक, साथीच्या जोरागणिक हिशेब मांडून लोकांपुढे ठेवा.

यावर काही आक्षेप उरतात. पहिला असा, की बाकीचे टोचून घेतातच, मग माझ्या मुलाने धोका का पत्करावा? गोवरासारख्या रोगात सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असतील तरच उरलेल्यांना आडोसा मिळतो, आणि असा विचार करणारे पाच टक्क्यांवर गेले की आडोसा जातो. धनुर्वाताचा जंतू तर मातीत असतो. तिथे शेजाऱ्याची लस आपल्या उपयोगाची नाही. दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांकडून येतो: दुष्परिणाम सांगितले तर लोक घाबरतात, म्हणून बोलू नये. २०२४ची खळबळ या मताला खोटे पाडते. माहिती २०२१ मध्ये जाहीर होती, पण प्रसिद्धीपत्रकापुरती. टोचायच्या टेबलावर, मराठीत, कोणत्या लक्षणांवर किती दिवस लक्ष ठेवायचे हे ज्याला समजावले नाही, त्याला तीन वर्षांनी ती दडवलेली गोष्टच वाटणार. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घरासाठी ०.६१ हा आकडा नसतोच. तिथे शंभर टक्के गेलेले असतात.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. लशीचा लाभ सगळ्या समाजाला मिळतो आणि विरळा दुष्परिणाम एकट्याला भोगावा लागतो. त्या एकट्याची चूक नसते, अनेकदा कंपनीची वा डॉक्टरचीही नसते. मग ज्या समाजाने लाभ घेतला त्याने त्या एकट्याच्या घराची जबाबदारी घेणे ही दया नव्हे, देणे आहे. वहीतला शेवटचा रकाना तो हाच. डांग्या खोकल्याच्या वादानंतर ब्रिटनने १९७९ मध्ये यासाठी कायदा केला. अमेरिकेने १९८६ मध्ये केला, आणि तिथे लशीतल्या प्रत्येक रोगामागे घेतलेल्या ७५ सेंट करातून भरपाई दिली जाते; कोणाची चूक, हे सिद्ध करावे लागत नाही. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की कोविड लशीच्या दुष्परिणामांची जबाबदारी सरकारवर येत नाही. भरपाई हवी असेल त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे जिथे चूक कोणाचीच नाही, तिथे ती सिद्ध करत बसावे. देशात कोविड लशीचे २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले. डोसामागे एक रुपया बाजूला ठेवला असता, तरी २२० कोटींचा निधी उभा राहिला असता.